पुलावरचा रियाज

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या आमच्या मुलखात लग्नसराई सुरू झाली म्हणजे वरातीपुढे चालणाऱ्या बँडमध्ये, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्या जोडीला, तळाशी चिलमीसारखे वळून आपले रुंद तोंड वर काढणारे एक पितळी वाद्य दिसते. त्याचा वादक त्यातून एखाद्या चित्रपटगीताची चाल काढतो, वऱ्हाडी मंडळी त्या चालीवर नाचतात, आणि वरात मांडवाच्या दाराशी रुजू झाली की ते वाद्य पुढच्या तिथीपर्यंत पेटीत जाऊन पडते. या वाद्यास सॅक्सोफोन म्हणतात हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु न्यूयॉर्क शहरातील एका कृष्णवर्णीय कलावंताने हेच वाद्य हाती धरून साठ वर्षांहून अधिक काळ अशी साधना केली की तिचा एक धागा मुंबईतील पवईपर्यंत येऊन पोचला, आणि त्या साधनेचे मर्म ओळखण्यास लागणारी दृष्टी आमच्या गोदाकाठाच्या पदरी पूर्वापार आहे, ही गोष्ट मात्र सांगावी लागते. त्या कलावंताचे नाव सॉनी रोलिन्स. आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका कशा ऐकाव्यात व त्यांत काय शोधावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम वाद्याविषयी. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स या कारागिराने १८४६ साली पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट मिळविले. त्याचा देह पितळेचा असला तरी त्याचा नाद उत्पन्न होतो तो मुखाशी बसविलेल्या बोरूच्या जातीच्या वेळूच्या पातळ पत्तीच्या कंपनाने. सबब संगीतशास्त्र त्याची गणना पितळी वाद्यांत न करता लाकडी सुषिरवाद्यांत करते. आमची सनई ही त्याची दूरची बहीण होय: तिच्या मुखाशी दुहेरी पत्ती, याच्या मुखाशी एकेरी, परंतु दोहोंची नळी मुखाकडे निमुळती आणि पुढे क्रमाक्रमाने रुंदावत जाणारी. या वाद्याच्या लहानमोठ्या प्रकारांपैकी टेनर सॅक्सोफोनचा आवाज पुरुषाच्या कंठस्वराच्या जवळ जातो. त्यात उसासा येतो, घोगरेपणा येतो, हाक मारता येते आणि कुजबुजताही येते. रोलिन्सने निवडला तो हाच टेनर.

आता शैलीविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी न्यूयॉर्कमध्ये जॅझला जे नवे वळण दिले त्यास बीबॉप म्हणतात. लय अतिद्रुत, स्वरबंध गुंतागुंतीचे, आणि एकूण रचना नाचण्यापेक्षा बसून ऐकण्याजोगी. १९५०नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याच परंपरेतील तरुण वादकांनी या बुद्धिप्रधान बांधणीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगान आणि ब्लूज यांचा रस पुन्हा मिसळला, ड्रमवादकाला अधिक मान दिला, आणि पांडित्याला पुन्हा एकदा देहाची ऊब आणली. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, क्लिफर्ड ब्राउन व मॅक्स रोच यांच्या संचांनी घडविलेली ही शैली हार्ड बॉप या नावाने प्रसिद्धी पावली. शास्त्रार्थात मुरलेला कीर्तनकार पूर्वरंगातील निरूपण आटोपून उत्तररंगात श्रोत्यांना हालवून सोडतो, तसे हे स्थित्यंतर होते.

या शैलीच्या भाग्यास एक यांत्रिक कारणही घडले. जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकालाही त्या मर्यादेत राग उभा करावा लागला. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी बाजारात आली आणि एका बाजूस वीस मिनिटांचा अवकाश मिळाला. वादकास मनातील विचार शेवटास नेण्याची मुभा प्रथमच ध्वनिमुद्रणात लाभली. न्यू जर्सीतील हॅकन्सॅक या गावी रुडी व्हॅन गेल्डर नावाचा, दिवसा डोळे तपासण्याचा व्यवसाय करणारा एक गृहस्थ आपल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रणे करीत असे. हार्ड बॉपच्या अनेक उत्तमोत्तम तबकड्या त्या घरगुती खोलीत जन्मास आल्या.

रोलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत, कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांहून आलेल्या कुटुंबात झाला. जून १९५४मध्ये माइल्स डेव्हिसच्या संचातून त्याने वाजविलेल्या ‘एअरेजिन’, ‘ओलिओ’ आणि ‘डॉक्सी’ या तीन स्वरचित रचना पुढे साऱ्या जॅझवादकांच्या नित्यपाठातल्या झाल्या. यांपैकी पहिले नाव म्हणजे ‘नायजेरिया’ हा शब्द रोमन अक्षरांत उलटा लिहिलेला होय, आणि पूर्वजांच्या भूमीचे स्मरण त्यात दडविलेले आहे. परंतु याच काळात त्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यालाही हेरॉइनच्या व्यसनाने ग्रासले होते. १९५५ साली तो केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात आपण होऊन दाखल झाला, व्यसनातून बाहेर पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस क्लिफर्ड ब्राउन व मॅक्स रोच यांच्या संचात सामील झाला. ब्राउन हा विलक्षण प्रतिभेचा ट्रम्पेटवादक, आणि आचरणाने सर्वथा निर्व्यसनी. थोर कलावंतास व्यसन लागतेच असे नाही, ही गोष्ट रोलिन्सने त्याच्या सहवासात प्रत्यक्ष पाहिली.

२२ जून १९५६ रोजी हॅकन्सॅकच्या त्या दिवाणखान्यात रोलिन्स, पियानोवादक टॉमी फ्लॅनगन, बासवादक डग वॉटकिन्स आणि ड्रमवादक मॅक्स रोच हे चौघे जमले व एका बैठकीत पाच रचना मुद्रित करून गेले. त्या तबकडीचे नाव ‘सॅक्सोफोन कोलोसस’. चारच दिवसांनी, २६ जून रोजी, पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर मोटारअपघात होऊन क्लिफर्ड ब्राउन आणि त्या संचाचा पियानोवादक रिची पॉवेल यांचा अंत झाला. ब्राउनचे वय अवघे पंचवीस होते. या तबकडीतील प्रसन्नता ऐकताना त्या चार दिवसांचे अंतर ध्यानी ठेवावे. ज्या घरावर आभाळ कोसळावयाचे आहे त्या घरातील ती निश्चिंत सायंकाळ आहे.

ऐकणाऱ्याने प्रारंभ करावा तो या तबकडीच्या पहिल्याच रचनेपासून. ‘सेंट टॉमस’ ही कॅरिबियन बेटांतील कॅलिप्सो ढंगाची चाल रोलिन्सने बालपणी आईच्या तोंडून ऐकलेली. रोच प्रथम ड्रमवर तालाची बैठक मांडतो, मग चाल येते, आणि ती संपताच रोलिन्स अवघे दोन स्वर उचलतो: एक वरचा, एक खालचा. तेच दोन स्वर तो पुन्हा वाजवितो, थोडे मागे ओढतो, थोडे पुढे ढकलतो, मध्ये विसावा घेतो, आणि पाहता पाहता त्या दोन दाण्यांतून सारे शेत उभे राहते. ख्यालगायकीत ज्यास आपण बढत म्हणतो, मुखडा धरून त्याचाच विस्तार करीत जाणे म्हणतो, त्याचे इतके निर्मळ उदाहरण जॅझमध्ये क्वचित आढळेल.

याच तबकडीवर ‘मोरिटाट’ नावाची रचना आहे. बर्लिन येथे १९२८ साली रंगभूमीवर आलेल्या ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’ या नाटकासाठी कुर्ट वाइलने बांधलेली ती चाल. हेच नाटक पुढे पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपाने मराठीत आणले. म्हणजे ज्या वृक्षाची एक फांदी आपल्या अंगणात आली, त्याच वृक्षाची दुसरी फांदी या तबकडीत वाकलेली आहे. एका खुन्याच्या कीर्तीचे हे गाणे रोलिन्स अशा सैल, रुंद आणि प्रेमळ स्वरात वाजवितो की मूळ कथेतील सुरी कोठल्या कोठे नाहीशी होते.

परंतु या बैठकीचा कळस म्हणजे शेवटची रचना, ‘ब्लू सेव्हन’. ती बारा मापांच्या ब्लूजच्या साच्यात आहे. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एका फेऱ्यात अठ्ठेचाळीस. आणि विलंबित एकतालात बारा मात्रांपैकी प्रत्येकीचे चार भाग पाडून गाणारा गायकही अठ्ठेचाळिसांच्याच आवर्तनात फिरत असतो. लय निराळी, आणि जॅझच्या आवर्तनाला स्वरसंघांच्या बदलाची जी चौकट असते ती आपल्याकडे नाही. तथापि बाराच्या पोटात चार मोजीत पुन्हा मूळ ठिकाणी परतण्याची सवय ज्या कानास आहे त्यास हा साचा परका वाटण्याचे कारण नाही. वॉटकिन्स एकटा बास वाजवीत येतो. रोलिन्स एक तुटक, कोणत्या स्वरसप्तकात उभे राहावे हे जणू ठरलेच नाही असे वाटणारे पद मांडतो. आणि पुढील अकरा मिनिटांत त्याच पदाचे तुकडे कधी सरळ, कधी मोडून परत येत राहतात. रोचचे ड्रमवादनही असेच दोन-तीन आकृतींतून वाढत जाते. १९५८ साली गुंथर शुलर या संगीतकाराने या वादनाचे पदन् पद तपासून एक विस्तृत लेख लिहिला व दाखवून दिले की उत्स्फूर्त वादनही पूर्वरचित कृतीइतके सुसंगत असू शकते. तो लेख जॅझसमीक्षेत मानदंड ठरला. रोलिन्सला मात्र त्याने अवघडल्यासारखे झाले, आणि पुढे स्वतःविषयीची समीक्षा न वाचण्याचा निश्चय त्याने केला. चालणाऱ्याला त्याच्या पावलांचे गणित सांगितले की त्याची चाल अडखळते. समीक्षेचे मोल यामुळे कमी होत नाही; ती श्रोत्याच्या कामाची आहे, वादकाच्या नव्हे.

१९५७मध्ये रोलिन्सने एक धाडसी प्रयोग आरंभिला: संचातून पियानोच काढून टाकला. ७ मार्च रोजी लॉस एंजेलिस येथे, पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालेल्या बैठकीत, बासवादक रे ब्राउन आणि ड्रमवादक शेली मॅन यांच्यासह ‘वे आउट वेस्ट’ मुद्रित झाली. ३ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कमधील व्हिलेज व्हँगार्ड या तळघरातील मैफिलीच्या जागी श्रोत्यांसमोर विल्बर वेअर व एल्विन जोन्स यांच्यासह वाजविलेले संगीत मुद्रित झाले. पियानो हा पायवाट आखून देणारा साथीदार. तो असला म्हणजे चुकण्याचे भय कमी, पण वाटेबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीकही कमी. आकाशवाणीने १९४०पासून तीन दशके हार्मोनियमला साथीसाठी मज्जाव केला होता, त्यामागील युक्तिवाद श्रुतींचा व मींडेचा होता, आणि त्याविषयी मतभेद झाले ते योग्यच झाले. परंतु पट्ट्यांचे वाद्य बाजूस सारले की कंठास जे उघडे रान मिळते, त्याची कल्पना आपल्याला त्या वादामुळे आहे. रोलिन्सच्या या दोन तबकड्यांत तेच उघडे रान ऐकू येते.

१९५८च्या आरंभी त्याने ऑस्कर पेटिफर्ड आणि मॅक्स रोच यांना घेऊन ‘फ्रीडम सूट’ ही सुमारे एकोणीस मिनिटांची, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी रचना मुद्रित केली. नावाजलेला कलावंत असूनही केवळ वर्णामुळे त्याला न्यूयॉर्कमध्ये भाड्याचे घर नाकारले गेले होते. जन्मावरून घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकास विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आणि ‘मुक्ती’ या शब्दाचे वजन, १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस पाहिलेल्या मराठवाड्यास तर मुळीच सांगावयास नको. रचनेत आक्रोश नाही. एक साधे पद तीन वादक वेगवेगळ्या लयींतून फिरवीत राहतात, आणि स्वातंत्र्याची मागणी करण्याऐवजी स्वतंत्र माणसे कशी वागतात हे वाजवून दाखवितात.

येथवर आलेला कलावंत, वय अवघे अठ्ठावीस, कीर्तीच्या शिखरावर. आणि १९५९च्या उन्हाळ्यात तो एकाएकी मैफिली तहकूब करून नाहीसा झाला. लोक ज्या थोरवीचे गुणगान करीत होते ती आपल्या अंगी अजून आलेली नाही असे त्याचे मन त्यास सांगत होते. घरी रियाज करावा तर शेजारच्या गर्भवती स्त्रीस त्रास होईल. तेव्हा त्याने जागा शोधली ती ईस्ट नदीवरील विल्यम्सबर्ग पुलाची. गंगाखेडजवळ गोदावरीच्या पुलावरून परळीची गाडी जाताना जो धडधडाट होतो तो डोळ्यांपुढे आणावा, त्यात मोटारींचा आणि खालून जाणाऱ्या बोटींच्या भोंग्यांचा कल्लोळ मिळवावा, म्हणजे त्या जागेची कल्पना येईल. त्या पुलाच्या पादचारी मार्गावर, थंडीवाऱ्यात, कधी कधी दिवसाचे चौदा-पंधरा तास, तो एकटा वाजवीत राहिला; आणि हा शिरस्ता १९६१च्या शरदापर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, चालला. आमच्याकडील उस्ताद लोक चाळीस दिवस कोंडून घेऊन चिल्ला करीत, त्याच जातीचे हे व्रत होय. फरक इतकाच की याने कोंडून घेण्याऐवजी उघड्या आभाळाखालचा एकांत पत्करला.

परतल्यावर १९६२च्या आरंभी मुद्रित झालेल्या तबकडीचे नाव ‘द ब्रिज’ असे असावे हे स्वाभाविकच होते. येथे पियानोच्या जागी जिम हॉलची गिटार आहे, बासवर बॉब क्रॅनशॉ आहे. ज्यांना काही चमत्कारिक नवीन ऐकण्याची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली. कारण पुलाने त्याच्या वादनात नवलाई भरली नव्हती, त्यातील घाई काढून घेतली होती. हॉलच्या मृदू गिटारीशी तो ज्या सौजन्याने संवाद करतो तो ऐकावा आणि दोन वर्षांच्या तपाचे फळ त्या सौजन्यात ओळखावे. क्रॅनशॉविषयी एवढेच सांगावे की त्याने पुढे अनेक दशके ही साथ सोडली नाही. रोलिन्सचे संच सतत बदलत गेले, पण त्यांच्या तळाशी हा एक खांब बराच काळ टिकून राहिला.

१९६०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रोलिन्सला पुन्हा अस्वस्थतेने घेरले, आणि या वेळी त्याने वाट धरली ती हिंदुस्थानची. स्वामी चिन्मयानंदांनी पवई येथे स्थापिलेल्या आश्रमात तो काही महिने राहिला व योग आणि वेदान्त यांचा अभ्यास करू लागला. ध्यानास बसले असता चित्त स्थिर होत नाही ही आपली अडचण त्याने स्वामींपुढे मांडली. तेव्हा वाद्य वाजविताना तुझे ध्यान लागलेलेच असते, तोच तुझा योग, अशा आशयाचा उपदेश त्याला मिळाला, असे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. पुलावर जे त्याने केले होते त्याला नाव मिळाले ते पवईत. १९७२च्या ‘नेक्स्ट अल्बम’पासून त्याचे वादन पुन्हा तबकड्यांवर सुरू झाले; विजेवर चालणारी वाद्ये संचात आली, कॅलिप्सोचा उल्हास अधिक मोकळा झाला, आणि फेब्रुवारी १९७८मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो रंगभवनाच्या उघड्या रंगमंचावर वाजविण्यास आला.

त्या मुंबईस हे वाद्य नवे नव्हते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची पोर्तुगीज काळापासून चालत आलेली पद्धत होती. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. गोदाकाठच्याच पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ या १९५१च्या चित्रपटात शिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोमंतकीय ट्रम्पेटवादक आपल्या संचासह झळकला. आणि त्याचा जावई, गोव्यातील नेवरा गावचा ब्राझ गोन्साल्विस, हा देशातील अग्रगण्य सॅक्सोफोनवादकांत गणला गेला. कलकत्त्यात पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्या जोडीने त्याने नाव मिळविले. १९७० साली ‘रागा रॉक’ या छोट्या तबकडीत त्याने राग आणि पाश्चात्य लय यांची सांगड घालून पाहिली. रोलिन्स पश्चिमेकडून जेथे येऊ पाहत होता तेथेच गोन्साल्विस पूर्वेकडून निघाला होता.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा रोलिन्स तेथून काही गल्ल्यांच्या अंतरावर राहत होता. घर सोडताना त्याने बरोबर घेतले ते आपले वाद्य, आणि चारच दिवसांनी बोस्टन येथे त्याने ठरलेली मैफल पार पाडली, जी पुढे तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. २०१२नंतर फुप्फुसांच्या विकाराने त्याच्या श्वासाची साथ सुटली आणि वादन थांबले. २०१४ साली निघालेल्या ‘रोड शोज’ मालेतील तिसऱ्या भागात त्याची एक रचना आहे. तिचे नाव ‘पतंजली’. पवईचे ते महिने तो विसरला नव्हता.

आता श्रोत्याने काय करावे? प्रथम ‘सेंट टॉमस’ ऐकावे, आणि ते दोन स्वर हाती लागेपर्यंत पुढे जाऊ नये. मग ‘वे आउट वेस्ट’, मग ‘द ब्रिज’. आणि नंतर ‘ब्लू सेव्हन’कडे परतावे, बोटांच्या पेरांवर बारा मोजीत. हे मोजणे एकदा अंगवळणी पडले म्हणजे गंगाखेडच्या जनाबाईचे जाते आपोआप आठवेल. जात्याचा फेरा ठरलेला, मूठभर दाणे ठरलेले, आणि तरी प्रत्येक फेऱ्याबरोबर तिच्या ओठी येणारी ओवी नवी; कामाला बाजूस ठेवून ती भक्तीला बसली नाही, दळतानाच तिने देवाला बोलाविले. बारा मापांचा तो फेराही तसाच ठरलेला आहे, आणि त्यावर रोलिन्स मूठमूठ स्वर टाकीत जातो. आमच्या आयाबायांनी पहाटेच्या अंधारात जो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्या आवाजाच्या आठवणीने हे वादन ऐकावे. पुढच्या लग्नसराईत वरातीच्या पुढे चालणाऱ्या त्या पितळी वाद्याकडेही मग निराळ्या आदराने पाहिले जाईल.